चार वाजताचं पाणी

भाचीचा मेसेज आला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. "आत्या, जागी आहेस? एक वाचून दे ना." खाली गुगल फॉर्म. ती यंदा पार्ल्याच्या एका कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे आणि तिला तिथल्या नाट्यमंडळात जायचंय. जायचंय म्हणजे आधी फॉर्म, मग ऑडिशन, मग मुलाखत, मग इन्स्टाग्रामवर यादी. फॉर्मात नाव, वर्ग, रोल नंबर, आधीचा अनुभव वगैरे सगळं होतं आणि शेवटी लाल चांदणी लावलेला सक्तीचा प्रश्न: तुला आमच्या मंडळात का यायचं आहे? दीडशे शब्दांत लिही. त्याखाली बारीक अक्षरात दम होता की एआयकडून लिहून घेतलेलं आम्हाला लगेच कळतं.

तिने अर्थातच एआयकडूनच लिहून घेतलं होतं. रंगभूमी समाजाचा आरसा आहे, सांघिक भावना, व्यक्तिमत्त्वाचा सर्वांगीण विकास, असं सगळं. वाचताना मला कुणाच्या तरी सेवानिवृत्तीच्या समारंभाला मागच्या रांगेत बसल्यासारखं वाटलं.

मी विचारलं, "खरं कारण काय आहे?"

बराच वेळ नुसतं 'टायपिंग' दिसत राहिलं. मग आलं, "माहीत नाही गं. जावंसं वाटतंय. तू का गेलेलीस?"

आता मला खरं सांगणं भाग होतं. मी नाटकात गेले ती पाण्यामुळे.

१९८८ साल. आम्ही घाटकोपरला पंतनगरात राहायचो, दुसऱ्या मजल्यावर. पाणी दुपारी चारला यायचं आणि आमच्या नळाला जोर कधीच नसायचा, त्यामुळे तळमजल्यावरून कळश्या वर आणाव्या लागत. आई नोकरीला, भाऊ मुलगा. म्हणजे पाणी माझ्या वाट्याला. माझं कॉलेज अंधेरीला आणि लेक्चरं दीडला संपायची. दीडला निघालं की ३४० नंबरची बस पकडून, मरोळ नाका, साकीनाका, असल्फा करत, वाटेतला खोळंबा धरून, मी बरोबर पावणेचारला पिंपासमोर उभी. एखादा तास कॉलेजात थांबायला काही कारण मिळालं तर पाणी भावाला भरावं लागेल, एवढा साधा हिशेब होता. लायब्ररीचं कारण आईला पटलं नसतं. खेळात मी ढ. एनसीसीत परेड उन्हात आणि तीही सकाळी, म्हणजे पाण्याच्या वेळेला मी पुन्हा मोकळीच. राहता राहिलं नाटक.

नोटीस हाताने लिहिलेली होती. नाटकात काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी जिमखान्याच्या मागच्या खोलीत यावे, वेळ दुपारी दोन. खाली कुणाचं नाव नाही, सही अशी की वाचता येऊ नये. त्या खोलीत मोडके बाक, एक कॅरम, भिंतीला टेकवलेले कापडाचे फ्लॅट आणि वरती आवाज करणारा पंखा. एक सीनियर टेबलावर बसला होता. तो तिसऱ्या वर्षाला होता म्हणे, पण चेहऱ्यावरून त्याची ती पाच-सहा वर्षं तरी झाली असावीत.

"नाटकात का यायचंय?"

"आवड आहे."

त्याने मान वर केली नाही. सगळे हेच म्हणत असणार. मला एक कागद दिला, मी वाचला, तो म्हणाला, "मोठ्याने." पुन्हा वाचला. मग त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "उद्या दोनला येशील?"

"हो."

झाली निवड. त्या मंडळाची प्रवेशपरीक्षा म्हणून काही असेल तर ती हीच होती आणि ती रोज व्हायची. उद्या येशील? पहिल्या दिवशी आम्ही बावीस जण होतो. आल्या आल्या कुणाला भूमिका वगैरे मिळाली नाही. लेव्हल उचलायच्या, त्या खोलीतून हॉलमध्ये न्यायच्या, तालीम झाली की परत आणून ठेवायच्या. लेव्हल म्हणजे लाकडी चौथरे. चार जणांनी धरले तरी बोटं सोलून निघत. चौथ्या दिवशी सोळा उरले. गणपतीत घरोघरी आरत्या सुरू झाल्या तेव्हा आम्ही नऊ होतो. कुणालाही नाही म्हटलं गेलं नव्हतं. ज्याला त्याला आपापलं उत्तर आपापल्या खांद्याने दिलं होतं.

मला पहिलं काम मिळालं प्रॉम्प्टिंगचं. विंगेत स्टुलावर बसायचं, वही मांडीवर, आणि कुणी अडकलं की पुढचे दोन शब्द हळूच सरकवायचे. प्रॉम्प्टर हा नाटकातला सगळ्यांत निरुपयोगी माणूस असतो, जोपर्यंत कुणी वाक्य विसरत नाही तोपर्यंत. आमच्यात एक जण रोज एकाच ठिकाणी विसरायचा. दार उघडून आत आला की त्याची पाटी कोरी. त्यामुळे त्याच्या एन्ट्रीला मी आधीच श्वास घेऊन तयार असे.

सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी बाहेर धो धो पाऊस आणि वीज गेली. तेव्हा अंधेरीची वीज बीएसईएसची होती (मग रिलायन्सची झाली, आता अदानींची, अंधारात फरक नाही). सगळे थांबले. तो टेबलावरचा सीनियर अंधारातून ओरडला, "थांबायला कुणी सांगितलं? चालू दे." आणि तालीम चालू राहिली. कोण कुठे उभं आहे ते दिसत नव्हतं, फक्त आवाज येत होते. दार उघडल्याचा आवाज झाला, आमचा तो गडी आत आला आणि नेहमीप्रमाणे गप्प. माझ्या मांडीवर वही होती, पण वही दिसत नव्हती. मी वाक्य सांगितलं. मग त्याच्या पुढचं, मग तिसरं कुणी अडकलं त्याचंही. पंचेचाळीस मिनिटांची एकांकिका मला अख्खी पाठ झाली होती आणि ते मलाच माहीत नव्हतं. दिवे आले तेव्हा साडेसात वाजले होते. त्या दिवशी पाणी कुणी भरलं असेल याचा विचारही माझ्या मनात आला नव्हता, हे मला बसमध्ये बसल्यावर, थेट साकीनाक्याला लक्षात आलं.

नाटकात का यायचंय, या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे त्या रात्री आलं. प्रश्न विचारून दोन महिने झाले होते.

भाचीला हे सगळं व्हॉइस नोटवर सांगितलं. तिने ते दीडपट वेगाने ऐकलं असणार, कारण लगेच उत्तर आलं, "मग मी काय लिहू, दोन महिन्यांनी सांगते म्हणून?"

तिचं बरोबर आहे. तिच्या मंडळाकडे तीनशेच्या वर फॉर्म आलेत म्हणे आणि घ्यायचेत चाळीस. आमच्यासारखं लेव्हल उचलायला लावून माणसं गाळायची म्हटलं तर तेवढ्या लेव्हलही कुठल्याच कॉलेजकडे नसतील. निवडणारी मुलं एकोणीस-वीस वर्षांची, दोन रात्रीत तीनशे उत्तरं वाचणार. त्यांना काहीतरी चाळणी हवीच.

पण ही चाळणी कुठून आली, याचा मी थोडा विचार केला. माझ्या मते ती अमेरिकेहून, विद्यापीठांच्या अर्जातून आली. नव्वदच्या दशकात माझा भाऊ इंजिनियरिंग संपवून बाहेर जायच्या खटपटीत होता, तेव्हा 'एसओपी', म्हणजे 'स्टेटमेंट ऑफ पर्पज', हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा ऐकला. न्यू मरीन लाइन्सच्या अमेरिकन सेंटरमध्ये जाऊन माहितीपत्रकं चाळायची, आदल्या वर्षी गेलेल्या कुणाची तरी एसओपी झेरॉक्स करून आणायची आणि तिच्यातलं लहानपणी रेडिओ उघडून बघितल्याचं वाक्य स्वतःचं म्हणून घालायचं. त्या वर्षी मुंबईतल्या किती जणांनी लहानपणी रेडिओ उघडला होता! आमच्याकडे रेडिओ होता, पण भावाची त्याला हात लावायची प्राज्ञा नव्हती, वडिलांनी हात मोडला असता. तरी एसओपीत तो उघडला गेला. असं आपण 'का' या प्रश्नाचं उत्तर द्यायला शिकलो, आणि शिकलो ते हे की उत्तर खरं असण्यापेक्षा सुरुवातीपासून असायला लागतं. लहानपणापासून. कुणीही असं लिहीत नाही की मी गेलो, बरं वाटलं, राहिलो.

मग महोत्सव मोठे झाले. पवईच्या आयआयटीचा मूड इंडिगो आमच्या आधीपासूनच होता, झेवियर्सचा मल्हार १९७९ पासूनचा, पार्ल्याच्या मिठीबाईचा क्षितिज आता सगळ्या उपनगरांना ठाऊक. आमच्या वेळी असे महोत्सव आम्ही फक्त बघायला जायचो. आता त्यांच्या आयोजनाच्या समित्यांत जाणं हीच एक स्पर्धा आहे. मार्केटिंग, जनसंपर्क, लॉजिस्टिक्स, पाहुण्यांची व्यवस्था, प्रत्येकाचा वेगळा विभाग, वेगळी मुलाखत. तुझ्यातला एक दोष सांग, असंही विचारतात. मुलं म्हणतात, मी जरा जास्तच परफेक्शनिस्ट आहे. अठराव्या वर्षी! त्यात २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर सांस्कृतिक उपक्रम, एनएसएस, एनसीसी, खेळ यांनाही पदवीत क्रेडिट मिळतात. चांगलंच आहे. आम्हाला नाटकापायी हजेरी कमी पडली म्हणून पालकांची चिठ्ठी आणावी लागे. पण क्रेडिट आलं की नोंद आली, नोंद आली की कारण लिहिणं आलं.

एनएसएसचं, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचं, मात्र मला कौतुक आहे. २४ सप्टेंबर १९६९ला, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांतून ती सुरू झाली आणि तिचा हिशेब अजून तासांत चालतो: वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, वर एक सात दिवसांचं शिबिर. का येतोस याच्यापेक्षा किती तास आलास, हे तिथे मोजलं जातं. आमच्यातले बरेच जण वाढीव गुणांसाठी जायचे आणि ते लपवायचेही नाहीत. गुणांसाठी गेलेला आमच्या वर्गातला एक मुलगा शिबिरात खड्डे खणता खणता असा रमला की पुढे त्याने समाजकार्याचंच शिक्षण घेतलं. त्याला पहिल्या दिवशी दीडशे शब्द लिहायला लावले असते तर त्याने 'दहा मार्क' एवढंच लिहिलं असतं, आणि तो फॉर्म बाजूला पडला असता.

इथवर आलं की माझ्या पिढीचा माणूस म्हणतो, काय दिवस होते ते. मीही म्हणते. आयएनटीच्या, म्हणजे इंडियन नॅशनल थिएटरच्या, स्पर्धेचे दिवस आठवले की आजही पोटात गोळा येतो. १९४४ साली सुरू झालेली ही संस्था, पण आम्हाला संस्थेशी कर्तव्य नव्हतं. आयएनटी म्हणजे आंतरमहाविद्यालयीन एकांकिका, बस्स. रुईया, रुपारेल, कीर्ती ही दादर-माटुंग्याकडची कॉलेजं तिथे घरच्यासारखी वावरायची. आम्ही उपनगरातून टेम्पोत सेट घालून, त्यावर ताडपत्री बांधून, ती वाऱ्याने उडू नये म्हणून वर आपली दोन मुलं बसवून जायचो. प्रेक्षागृहात 'अरे आव्वाज कुणाचा' सुरू झालं की आमचा आवाज आमच्याच दोन रांगांत जिरायचा. पार्ल्याच्या साठ्ये, डहाणूकरच्या मुलांचा तेवढा दबदबा होता, म्हणजे उपनगराची लाज राखायला कुणीतरी होतं. आणि २५ जानेवारीला चतुरंगची सवाई एकांकिका स्पर्धा. स्पर्धास्पर्धांतून पहिल्या आलेल्या एकांकिका एका रात्रीत, पाठोपाठ. संपून बाहेर यावं तो प्रजासत्ताक दिनाची सकाळ. आम्ही कधी सवाईपर्यंत पोचलो नाही, पण जागलो मात्र दोनदा. पुढे देवेंद्र पेमचं 'ऑल द बेस्ट' एकांकिकेतून उठून व्यावसायिक नाटक झालं, भरत जाधव, अंकुश चौधरी, संजय नार्वेकर ही नावं घराघरात गेली, आणि आमच्यातल्या प्रत्येकाला आपणही थोडक्यात हुकलो असं वाटायला लागलं. लेव्हल उचलणाऱ्यांनासुद्धा.

हे झालं गोड. आता जे मी इतकी वर्षं या आठवणींतून गाळत आले ते सांगते.

माझ्या शेजारच्या बाकावर एक मुलगी बसायची. असल्फ्याच्या डोंगरावर घर. तिचा आवाज माझ्या दुप्पट होता आणि नक्कल अशी करायची की प्राध्यापक वर्गाबाहेर असताना आम्ही हसून बेजार. नोटीस आम्ही दोघींनी मिळून वाचली होती. ती म्हणाली, "दोनला?" आणि हसली. तिच्या घरी पावसाळ्यात राख्यांचं काम असे. ग्रोसच्या हिशेबाने पैसे. सगळं घर मणी ओवायला बसे आणि तिचा वाटा दुपारचा. शिवाय तालीम साडेसातला संपली तर त्या चढणीवरून रात्री एकटीने वर जायचं कसं? मला निदान स्टेशनापासून उजेडाचा रस्ता होता. ती आलीच नाही. आणि आली नाही म्हणून ती गळालेल्यांतही मोजली गेली नाही. आमच्या मंडळाचा जो अभिमान होता, आम्ही कुणाला नाही म्हणत नाही, तो यावर उभा होता. ज्यांना नाही म्हणावं लागलं असतं असे लोक दारापर्यंत पोचतच नव्हते. चार वाजताच्या पाण्यातून मी सुटले, कारण माझ्याजागी भरायला भाऊ होता. तिच्या राख्या ओवायला दुसरं कुणी नव्हतं.

ती नोटीसही मराठीत आणि जिमखान्याच्या कोपऱ्यात. घाटकोपर, मुलुंडहून येणारी गुजराती मुलं, मरोळची ख्रिस्ती मुलं, दाक्षिणात्य मुलं त्या बोर्डासमोरून जायची, पण ती नोटीस आपल्यासाठी असेल असं त्यांना कधी वाटलं नसणार, आणि आम्हीही कधी बोलावलं नाही. भाचीचा फॉर्म मात्र वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यांना एकाच मिनिटाला मिळाला. असल्फ्याच्या डोंगरावरही मिळाला असणार. तिथून आता मेट्रो जाते, जून २०१४ पासून. ज्या रस्त्याला माझे दोन-सव्वादोन तास जायचे तो भाची वीसेक मिनिटांत, एसीत, कानात गाणी घालून कापते. फॉर्म आमच्या नोटिशीपेक्षा चांगला आहे, हे मी नाइलाजाने कबूल करते. प्रश्न तेवढा चुकीचा आहे.

रात्री साडेबाराला भाचीचा फोन आला. आता ती चिडली होती.

"आत्या, सांग ना काय लिहू. उद्या शेवटची तारीख."

"संध्याकाळी घरी नसायला तुला आवडेल का?"

ती हसली. मग म्हणाली, "तुला कुणी सांगितलं?"

भाऊ अजून पंतनगरातच आहे, आणि सोसायटीचा सेक्रेटरी आहे. इमारत रिडेव्हलपमेंटला जायची आहे. आज बिल्डर, उद्या वकील, परवा तळमजल्याची मंडळी भांडायला. सगळ्या मीटिंगा यांच्याच हॉलमध्ये, संध्याकाळी सहाला. भाचीला स्वतःची खोली नाही. ती चहाचे ट्रे फिरवते आणि कार्पेट एरिया ऐकते. "मला एफएसआय तोंडपाठ झालाय गं," ती म्हणाली.

"हे लिही."

"वेडी आहेस का? ते हसतील."

"हसू देत. तीनशे आरसे वाचून बसलेत ते."

तिने ते लिहिलं, पण पूर्ण नाही. एफएसआय ठेवला आणि खाली थोडासा समाजाचा आरसा चिकटवलाच. ऑडिशनला तिला हसले, मुलाखतीत बोरिवलीच्या एका सीनियरने त्याच्या बिल्डिंगीची कथा सांगितली आणि दहा मिनिटं दोघं कॉर्पस फंडावर बोलत बसले. यादी लागली तेव्हा तिचं नाव वेटिंग लिस्टवर, चौथ्या नंबरला होतं. मी तिला सांगितलं, गणपतीपर्यंत थांब, गळती लागते. ती म्हणाली, आता कुणी गळत नाही आत्या, क्रेडिट असतं.

बघू. गणपतीला अजून वेळ आहे.

तोवर, जी मुलं हे फॉर्म तयार करतात, अंधेरीची, मुलुंडची, पार्ल्याची, त्यांना एका जुन्या प्रॉम्प्टरचं सांगणं आहे. 'का यायचंय' हा रकाना ठेवायचा तर ठेवा, तुम्हालाही वाचायला काहीतरी हवं. पण त्याच्या वर दोन ओळी छापा: तालीम किती वाजता सुरू होते आणि किती वाजता संपते. आणि खाली एक प्रश्न घाला: तुला त्या वेळी घरी काय काम असतं? ज्यांची उत्तरं लांबलचक येतील त्यांना आधी बोलवा, आणि त्यांची तालीम साडेपाचला सोडा.